सावलीचा सातबारा

झाडावर लेख? तोही झाडांच्या फोटोंवर? आपल्याकडं अत्याचाराच्या बातम्या छापायला पानं पुरत नाहीत, स्टेन्सिल महाग, शाई महाग, आणि हा गडी वडा-पिंपळाचं सौंदर्य घेऊन बसलाय! असं म्हणणारे दोस्त भेटतील. म्हणू देत. मी सूतगिरणीत रिंगखात्यात पाळी करतो. आठ तास कापसाच्या धुळीत काढलेल्या माणसाला हिरव्या रंगाची भूक असते, ती कुठल्या प्राध्यापकाला विचारून लागत नाही. झाड सुंदर आहे असं म्हणायचा हक्क फक्त सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून गावाकडं येणाऱ्यांना कुणी दिला? त्यांच्या फोटोत जुना वड असतो, पार असतो, पारावर ऊन-सावलीची नक्षी असते. फोटो झकास असतो. फक्त त्या सावलीत कोण बसायचं आणि कोण उन्हात उभं राहायचं, ते त्यात नसतं. तो इतिहास आपल्यालाच लिहावा लागणार.

सुरुवात दगडापासून करू. कॅमेऱ्याच्या दोन हजार वर्षं आधी या देशात झाडाचे फोटो काढले गेले, ते छिन्नीने. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत नावाचं गाव आहे. तिथला स्तूप साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅमला त्याचे अवशेष सापडले, आणि आज त्याचा कठडा कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. त्या कठड्यावर बुद्धाची मूर्ती कुठेच नाही. त्या काळात बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवतच नसत. तिथं बुद्ध म्हणजे झाड. आणि झाड म्हणजे कुठलंही मोघम झुडूप नव्हे! विपस्सीचा पाटल वेगळा, वेस्सभूचा साल वेगळा, ककुसंधाचा शिरीष, कोनागमनाचा उंबर, कस्सपाचा वड, आणि आपल्या शाक्यमुनीचा पिंपळ. पान बघून झाड ओळखता यावं अशी कारागिरी. खाली ब्राह्मीत नाव कोरलेलं. म्हणजे त्या पाथरवटाने झाडाखाली उभं राहून, मान वर करून, पान हातात घेऊन बघितलं होतं. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात भिंतीवर जुनं चित्र आहे, राजा आपल्या लवाजम्यासह बोधिवृक्षापुढं आलाय. सांचीच्या तोरणावर अशोक त्याच झाडाला भेटायला आलेला दिसतो. राजा झाडापुढं नमतो, हे चित्र ज्या धम्माने काढलं त्याचे आपण वारस आहोत. तेव्हा झाडाकडं बघणं हा आपला उसना छंद नाही.

आता ते झाड, खुद्द बोधगयेचं. त्याच्याइतका मार बहुधा जगातल्या कुठल्याच झाडाने खाल्ला नसेल. सातव्या शतकात ह्युएन त्संग तिथं पोचला. त्याने लिहून ठेवलंय की धम्माकडं वळण्याआधी अशोकानेच ते तोडवलं होतं, पुढं गौड देशाच्या शशांक राजाने तोडलं, मुळं खणली, आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने गाईंचं दूध घालून ते पुन्हा जगवलं. यातली दुधाची गोष्ट सोडून द्या. झाड तोडलं की फुटतं, ही गोष्ट कुठल्याही शेतमजुराला ठाऊक आहे. पण एक झाड तोडण्यासाठी राजाला लवाजमा घेऊन जावं लागतं, याचा अर्थ त्या झाडाच्या सावलीत काहीतरी राजकारण बसलेलं होतं. त्याआधीच, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, त्याची एक फांदी अशोकाची मुलगी संघमित्रा लंकेला घेऊन गेली असं महावंस सांगतो. अनुराधपूरचा तो पिंपळ आजही उभा आहे. आणि त्याच अनुराधपूरहून भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेला पिंपळ आज नागपूरला दीक्षाभूमीवर आहे. घर पेटलं तेव्हा बाहेरगावी दिलेली लेक पुन्हा माहेर उभं करते, तसं हे झालं.

बोधगयेला १८११ मध्ये बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर गेला तेव्हा झाड जोमात होतं. कनिंगहॅम १८६२ मध्ये गेला तेव्हा ते पार किडलेलं, पश्चिमेकडच्या फांद्या तेवढ्या हिरव्या. १८७६ च्या वादळात उरलेलं खोड भिंतीवर कोसळलं. पण बिया आधीच गोळा केलेल्या होत्या, जुन्या झाडाची रोपं वाढत होती, असं तोच लिहितो. १८८१ मध्ये नवं रोप लागलं. आज जगभरचे लोक ज्याचे फोटो काढतात ते हे झाड. वय दीडशेच्या आत. म्हणजे जुनं झाड म्हणजे जुनं लाकूड नव्हे, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्या. लाकूड बदलतं, जागा आणि माणसांची आठवण टिकते.

आणि सावलीचा ताबा? तो बरीच शतकं शैव महंताकडं होता. १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल तिथं आले आणि भांडण सुरू झालं. १९४९ मध्ये बोधगया मंदिर कायदा झाला. चार हिंदू, चार बौद्ध आणि वर अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर दुसरा हिंदू नेमायचा, अशी त्यात तरतूद होती. ती २०१३ साली काढली, पण समितीतलं चार-चारचं गणित तसंच ठेवलं. फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू हा कायदाच रद्द करा म्हणून तिथं उपोषणाला बसले, त्या मागणीसाठी महाराष्ट्रातूनही माणसं गेली. यूट्यूबवर त्या पिंपळाचे शेकडो व्हिडिओ आहेत, पानं कशी सळसळतात, किती शांत वाटतं. त्यातल्या किती जणांनी या कायद्याचं नाव घेतलं ते मोजा.

मग कॅमेरा आला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. १८६३ मध्ये सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज हिंदुस्थानात उतरला आणि सात वर्षांत त्याने डोंगर, देवळं, झाडं यांचे जे फोटो काढले ते आजही लोक भिंतीवर लावतात. तेव्हाचं तंत्र फार जिकिरीचं. काचेवर ओला रसायनाचा थर द्यायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा, आणि वाळायच्या आत तिथंच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायचा. म्हणजे झाडापाशी तंबू, काचा, बाटल्या, पाणी, सगळंच न्यायला हवं. हिमालयात बोर्नच्या सामानाला डझनावारी हमाल लागायचे. फोटोखाली नाव बोर्नचं. आम्ही गिरणीत काम करणारे हे लगेच ओळखतो, कारण कापडावरही छाप मालकाचा असतो.

त्या काळातल्या झाडांच्या फोटोंमध्ये आणखी एक गंमत आहे. गंमत कसली! प्रचंड वड, आणि त्याच्या बुंध्याशी एक माणूस. धोतर नेसलेला, उघडा, हात खाली सोडून ताठ उभा. त्याला तिथं का उभं केलं? झाड केवढं आहे ते साहेबाच्या देशात कळावं म्हणून. तो फूटपट्टी होता. काही सेकंद न हलता उभं राहायचं, कारण हललं तर काचेवर तो पुसट यायचा. झाडाचं नाव खाली छापतात, बागेचं छापतात, शहराचं छापतात. माणसाचं नाव नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा एखादा असा फोटो समोर आला तर झाड जरूर बघा, पण नंतर त्या माणसाचे पाय बघा. अनवाणी आहेत का बघा.

अशा फोटोंसाठी सगळ्यात गाजलेलं झाड म्हणजे कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पती बागेतला वड. बाग १७८७ ची, वड तिच्याहून जुना, अडीचशेच्या पुढचा. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्याला झोडपलं. मूळ खोडाचा घेर पन्नास फुटांच्या वर, पण त्याला बुरशी लागली आणि १९२५ साली ते काढून टाकावं लागलं. खोड गेलं तरी झाड आहे! साडेतीन हजारांहून जास्त पारंब्या जमिनीत पाय रोवून उभ्या आहेत, आणि त्याच्याभोवती बांधलेला रस्ताही झाड ओलांडून बाहेर चाललंय. याचा फोटो एका चौकटीत मावत नाही. मला हे झाड आवडतं याचं कारण उघड आहे. मधला मालक गेल्यावर पारंब्यांनी कारखाना चालवला.

आता गावात चला. गावातला वड-पिंपळ म्हणजे पार. पार म्हणजे गावची कचेरी, न्यायालय, वर्तमानपत्र, सगळं. पाटील-कुलकर्णी सावलीत, आणि महाराला बोलावलं तर तो उन्हात, अंतर राखून, जोहार घालून. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे म्हणून त्यात शिरत नाही. मला सांगायचीय ती याची दुसरी बाजू. गावाची शीव कुठून जाते हे पाटलाला नक्की ठाऊक नसायचं, ते महाराला ठाऊक असायचं. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष. त्याने पुढं चालायचं आणि शीव दाखवायची, ही खूण, हा ओढा, हा दगड, हे झाड. महारवतनाबद्दल इंग्रज अंमलदारांनी जे जे लिहिलं त्यात ही गोष्ट पुन्हापुन्हा येते. म्हणजे कुठलं झाड आजोबाच्या वेळचं, कुठलं वीज पडून वठलं, कुठं पूर्वी झाड होतं आणि आता नुसता खड्डा आहे, ही सगळी दप्तरं आपल्या बापजाद्यांच्या डोक्यात होती. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी दख्खनमध्ये सुरू झाली, शिवेवर दगड बसले, नकाशे झाले. आठवण कागदावर गेली आणि कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात गेला. वतनाची बेगार मात्र राहिली. ती कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं.

याहून मजेशीर गोष्ट मनुस्मृतीत आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली तीच. जाळलेलं पुस्तक वाचावंही लागतं, बाबासाहेबांनी ते वाचूनच जाळलं होतं. तिच्या आठव्या अध्यायात शिवेच्या खुणा म्हणून वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं लावायला सांगितलंय. आणि शिवेबद्दल कुणाला विचारावं? तर पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळं खणणारे, साप पकडणारे, रानात फिरणारे. म्हणजे ज्यांना गावात जागा नाही त्यांनाच गावाची हद्द ठाऊक, हे मनूलाही कबूल! पुढं दहाव्या अध्यायात चांडाळादी लोकांनी कुठं राहावं ते येतं. स्मशानाजवळ, डोंगरावर, उपवनात, आणि चैत्यद्रुमापाशी. चैत्यद्रुम म्हणजे पूजेचं, ओळखीचं मोठं झाड. चैत्य हा शब्द एकट्या बौद्धांचाच नाही, हे मला मान्य. पण १९४८ साली बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ मध्ये मांडलं की अस्पृश्य हे मुळात गावाबाहेर वसलेले पराभूत, विखुरलेले लोक, आणि त्यांनी बुद्ध सोडला नाही म्हणून त्यांच्यावर हा राग. तो ग्रंथ वाचून झाल्यावर ‘चैत्यद्रुम’ हा शब्द पुन्हा वाचा. ज्यांना हाकललं त्यांच्या डोक्यावर कुठलं झाड ठेवलं, हे शोधायला अभ्यासकांनी आयुष्य घालायला हरकत नाही.

आणि फोटोवाल्यांचा एक नियम आहे, तो कुठल्याही छंदिष्टाला विचारा. मोठ्या झाडाचा फोटो भर दुपारी काढू नये. ऊन डोक्यावर असलं की खोड काळं पडतं, पानं पांढरी पडतात. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर काढावा. तेव्हा ऊन तिरपं असतं, सालीची प्रत्येक भेग दिसते, सावल्या लांब पडतात. लांब सावलीनेच झाडाला खोली येते. आता घुर्यांचं जातीवरचं १९३२ सालचं पुस्तक उघडा. पेशव्यांच्या पुण्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी वेशीच्या आत यायला बंदी होती. कारण? त्या वेळात माणसाची सावली लांब पडते, ती बामणावर पडली तर विटाळ. नऊच्या आधी आणि तीननंतर! झाडाच्या सावलीचं कौतुक करायची जी वेळ, तीच आमच्या सावलीच्या गुन्ह्याची वेळ. हे वाचल्यापासून मी सकाळच्या तिरप्या उन्हाकडं साध्या नजरेनं बघू शकलेलो नाही. ते उन्ह सुंदर आहेच. ते आमचं जप्त केलेलं उन्ह आहे, म्हणून ते जास्तच बघायचं.

बडोद्याचा वड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९१७. बाबासाहेब सव्वीस वर्षांचे, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचे. कोलंबिया आणि लंडनहून शिकून सयाजीरावांच्या नोकरीवर रुजू झालेले. राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात. हिंदू मित्राकडं गेले, त्याने नोकर पळून जातील म्हणून सांगितलं. ख्रिस्ती मित्राकडं गेले, तिथंही तेच. मुंबईची गाडी रात्री, मधले तास कुठं काढायचे? म्हणून कामाठी बागेत जाऊन बसले. बाग सयाजीरावांनी १८७९ साली सार्वजनिक केलेली, तिथून उठ म्हणणारा कुणी नव्हता. पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी हे लिहिलंय. रिकाम्या मनाने बसलो, आईबापाची आठवण आली, असं. त्या लिखाणात बाग आहे. झाडाचा उल्लेख नाही.

वड लोकांनी जपला. २३ सप्टेंबर ही तारीख, तो वड, संकल्पभूमी हे नाव, हे सगळं लोकांच्या आठवणीने उभं केलं. काही पंडित विचारतील, पुरावा काय? फोटो कुठाय? फोटो नाही. त्या दिवशी बागेत कॅमेरावाला असता तरी नोकरी आणि निवारा दोन्ही गेलेल्या तरुणाचा फोटो त्याने काढला नसता, वडाचा काढला असता. आणि आपले लोक असे की त्यांनी न काढलेल्या फोटोत आधी झाड उभं केलं. का केलं? एक तर माणूस बसला म्हणजे कशाच्या तरी सावलीत बसला, हे उन्हात उभं राहिलेल्या जातीला सांगावं लागत नाही. दुसरं म्हणजे १९५६ च्या १४ ऑक्टोबरनंतर त्यांनी मागं वळून बघितलं तेव्हा त्यांना पिंपळाखालचा एक माणूस ठाऊक झाला होता, त्याच डोळ्यांनी त्यांनी वडाखालचा दुसरा बघितला. याला मी दंतकथा म्हणणार नाही. शीव दाखवणाऱ्या महाराची साक्ष जर राज्यांना चालली, तर या साक्षीला नाक मुरडायचं कारण नाही. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने हा वड आणि परिसर राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करावा अशी शिफारस केली, म्हणजे सरकारी कागदावरही ती साक्ष चढली.

मी वर म्हणालो की फोटोत माणसं आली पाहिजेत. पण नुसती माणसं येऊन भागत नाही, हेही सांगतो. ज्या काळ्या पँथरांवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतलं, त्यांच्या देशातला एक फोटो आहे. ७ ऑगस्ट १९३०, इंडियाना राज्यातलं मॅरियन गाव, कोर्टाच्या चौकातलं झाड. थॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन काळ्या तरुणांना जमावाने तुरुंगातून ओढून त्या झाडाला फाशी दिलं. लॉरेन्स बाइटलर नावाच्या स्टुडिओवाल्याने फोटो काढला आणि त्याच्या हजारो प्रती विकल्या. खाली जमाव कॅमेऱ्याकडं बघतोय, काही जण हसतायत, एक जण बोटाने वर दाखवतोय. चेहरे स्वच्छ ओळखू येतात. तरी एकालाही शिक्षा झाली नाही! तो फोटो बघून न्यू यॉर्कच्या एबल मीरोपोल या शाळामास्तराने कविता लिहिली, ती १९३९ मध्ये बिली हॉलिडेने गायली, आणि ते झाड जगभर गेलं. आपल्याकडं नगर जिल्ह्यात खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांचा आपला एक शाळकरी मुलगा झाडाला लटकलेला सापडला. साक्षीदार फिरले, २०१७ मध्ये आरोपी सुटले. तिथल्या झाडाचा फोटो काढायला कोण छंदिष्ट जाणार?

म्हणून दोस्तांनो, काम सांगतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये शहरांतल्या पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणायचा कायदा केला. तो शहरांपुरता. गावातल्या पाराला, शिवेवरच्या लिंबाला, मरीआईच्या झाडाला तो लागू नाही. त्यांची यादी करायला कुणी येणार नाही. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. आपापल्या गावातलं सगळ्यात जुनं झाड गाठा. सकाळी नऊच्या आधी किंवा तीननंतर. छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळून घेर मोजा. वड असेल तर पारंब्या मोजा, नुसत्या खोडाच्या मापाने वड कळत नाही. लांब जाऊन पूर्ण झाड घ्या, मग जवळ येऊन साल घ्या. झाडापाशी माणूस उभा करायचा तर त्याला विचारून करा, आणि त्याचं नाव लिहा. मग म्हाताऱ्यांना गाठा. म्हाताऱ्यांपेक्षा म्हाताऱ्यांच्या बायकांना गाठा, त्यांना जास्त आठवतं. या झाडाखाली आपण कुठपर्यंत जायचो ते विचारा. पाऊल टाकून दाखवायला सांगा, त्या जागेवर दगड ठेवा आणि दगडासकट एक फोटो काढा. कधीपासून पारावर बसायला लागलो, पहिला कोण बसला, त्याला मारलं का, तेही.

पिंपळ शिशिरात झडतो, तेव्हा त्याचा सांगाडा दिसतो. तेव्हा एक काढा, आणि तांबूस पालवी फुटली की दुसरा. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो, म्हणून कागदावर प्रिंट काढून ठेवा. मागं गाव, तालुका, तारीख, घेर, नाव आणि त्या दगडापासून खोडापर्यंतचं अंतर लिहा. पेन्सिलने लिहा, शाई पावसाळ्यात फुटते.